मनगटावरचं घुबड

तराजूकाकांनी उभ्या आयुष्यात कुणावरही विश्वास ठेवला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळत असे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. समोरच्याचा तराजू खरा असेल असं मानून चालणारा निरीक्षक म्हणजे आग आपोआप विझेल असं मानून चालणारा बंबवाला. तेव्हा संशय ही त्यांची खोड नव्हती, नोकरी होती. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली एवढंच. तराजूकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं होतं आणि ते थोरांनीही बिनतक्रार उचललं होतं.

आता चौकशीला दुकानं उरली नव्हती, म्हणून घरच उरलं. काकूंनी पायात चप्पल सरकवली की आतून आवाज यायचा.

"कुठे निघालीस?"

"साबण आणायला."

"कुठल्या दुकानात?"

"कोपऱ्यावरच्या."

"परवाच आणला होता ना?"

"तो अंगाचा. हा कपड्यांचा."

"केवढ्याला देतो?"

काकू केवढ्याला ते सांगायच्या, साबण आणायच्या, आणि आल्यावर काका तो हातात घेऊन जोखायचे. यात भांडण असं काही नसे. काकू उत्तरं देत, आणि ती खरी असत. खरं उत्तर मिळालं की काका थोडे हिरमुसत, पण लगेच सावरून पुढचा प्रश्न काढत.

अशा या सुरळीत संसारात एका गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी काकूंनी वरच्या फळीवरची बरणी काढायला हात उंच केला. बाही कोपरापर्यंत घसरली, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला काकांना एक घुबड दिसलं. जांभळ्या शाईचं, गोल चौकटीतलं, डोळे वटारलेलं घुबड.

दुसरा कुणी नवरा असता तर म्हणाला असता, काहीतरी लागलंय हाताला. पण काकांनी हयातभर शिक्के मारले होते. वजनाच्या बुडाशी शिशाची गोळी असते, तिच्यावर ठोकून शिक्का उमटवायचा. खरा कोणता, बनावट कोणता, घाईत मारलेला कोणता, हे ते चष्म्याशिवाय सांगत. हा शिक्का खरा होता, ताजा होता, आणि सराईत हाताने मारलेला होता.

"आज मी फिरायला गेलो तेव्हा बाहेर गेली होतीस?" काकांनी आमटी ओढता ओढता विचारलं.

"हो."

"कुठे?"

"बाहेर," काकू म्हणाल्या आणि बरणीचं झाकण लावलं.

इतक्या वर्षांत काकूंनी दिलेलं हे पहिलं मोघम उत्तर. सरळ विचारता आलं असतं, 'हे घुबड कसलं?' म्हणून. पण खात्याचा पहिला धडा असा की दुकानदाराला सरळ विचारलं तर तो सरळ खोटं बोलतो. आधी गाजावाजा न करता बनावट गिऱ्हाईक पाठवायचं, त्याने माल घ्यायचा, मग पंचनामा. काकांनी आमटी संपवली. पुढच्या गुरुवारी घुबड पुन्हा आलं, या खेपेला जरा तिरकं.

काकांची झोप उडाली. शेजारी काकू शांत झोपलेल्या, आणि काका एकेक संशयित डोळ्यांपुढे उभा करताहेत. औषधाच्या दुकानातला तो दाढीवाला काकूंना न मागता सवलत देतो. सवलत ही काकांच्या मते सगळ्या गुन्ह्यांची सुरुवात. पण खरं सांगायचं तर दाढीवाल्याची त्यांना एवढी धास्ती नव्हती. धास्ती होती ती वेगळीच. त्या दोन्ही गुरुवारी काकू घरी आल्या तेव्हा खुशीत होत्या. आपल्याशिवाय हिला एवढं बरं वाटतं, हे काकांना सहन होत नव्हतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सांगितलं त्यांनी शेवटी शेजारच्या वकिलांना, तेही "माझ्या एका स्नेह्याच्या बाबतीत" असं म्हणून.

"जांभळं घुबड?" वकिलांनी आवाज खाली आणला. "तुमच्या स्नेह्याची बायको त्या क्लबात जाते. बाजाररस्त्यावर चपलांच्या दुकानाखाली तळघर आहे ना, तिथे. दारू, नाच, अंधार. आत शिरताना हातावर घुबड मारतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"एका अशिलाच्या कामासाठी जावं लागलं होतं," वकील म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "दोनतीनदा जावं लागलं. काम गुंतागुंतीचं होतं. हे बघा, तुमच्या स्नेह्याला म्हणावं, बायकोपाशी ब्र काढू नकोस. पुरावा गोळा कर. आणि तुम्ही जाणार असाल तर चपला घालून जाऊ नका."

काकांनी शेवटचं वाक्य मनावर घेतलं नाही. ते आधी रीतसर मार्गाने गेले, म्हणजे आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला निरीक्षक आता त्यांच्याच खुर्चीत बसत होता. काकांनी तळघरातल्या बारवर तातडीने धाड घालण्याची सूचना केली. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, आणि म्हणाला, "साहेब, रस्त्याच्या पातळीवरचं आणि त्याच्या वरचं सगळं माझ्याकडे आहे. खालचं नवीन वाटणीत दुसऱ्या विभागाकडे गेलं."

"कुठल्या?"

"ते अजून ठरायचंय. तोवर जमिनीखाली कुणीच तपासत नाही."

एवढ्या मोठ्या शहरात जमिनीखाली कुणीच तपासत नाही, हे ऐकून काकांना घेरीच यायची बाकी राहिली. चहा तसाच सोडून ते उठले. बनावट गिऱ्हाईक आता आपणच व्हायचं, असं त्यांनी जिना उतरतानाच ठरवलं.

गुरुवारी संध्याकाळी काकू निघाल्या. काका बेतशीर अंतर ठेवून मागे. काकू चपलांच्या दुकानापाशी आल्या, बाजूच्या अरुंद दरवाजातून आत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. दारावर एक माणूस उभा होता, कपाटाएवढा.

"काका, चपला चालत नाहीत," कपाट म्हणालं. "बूट लागतात."

"आत्ता गेलेल्या बाईंच्या पायात चपलाच होत्या!"

"बायकांना चालतात. शिवाय गुरुवारी बायकांना प्रवेश फुकट, वर एक लिंबू-सोडा फुकट."

काकूंचा काटकसरी स्वभाव काकांना ठाऊक होता. पण पापसुद्धा फुकटाच्या दिवशी करायचं, याचं त्यांना नवल वाटलं.

काकांकडे बूट नव्हते. नोकरीत असताना होते, ते निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आनंदाने टाकून दिले होते. पुढच्या गुरुवारसाठी वकिलांचे बूट मागून आणले. ते दोन मापं मोठे होते. वकिलांनी पुढे कापूस भरून दिला आणि "टाच आधी टेका, मग पंजा" असा सल्लाही दिला. हयातभर दुसऱ्याची मापं तपासणारा माणूस असा चुकीच्या मापात पाय घालून बाजाररस्त्याने खडखडत गेला.

कपाटाने बूट पाहिले आणि मान डोलावली. मग काकांच्या मागे पाहिलं.

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"एकट्या पुरुषाला सोडत नाही. जोडी लागते."

"अहो, माझी जोडी आत आहे!"

"मग फोन करून वर बोलवा की त्यांना."

काका आल्या पावली परतले. वाटेत एक बूट निसटला, तो घेऊन येण्याचा चांगुलपणा एका शाळकरी मुलीने दाखवला, आणि काकांना त्या चांगुलपणाचाही संशय आला.

जोडी कुठून आणायची? वकीलबाईंना विचारणं शक्य नव्हतं. शेवटी उरल्या आक्का. आक्का काकांच्या थोरल्या बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. भावजयीविषयी त्यांचं मत पहिल्यापासून तयार होतं, ते फक्त सिद्ध व्हायचं राहिलं होतं. काकांनी सारं सांगितलं तेव्हा त्यांनी गुडघ्याला लावायचं मलम बाजूला ठेवलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आक्का म्हणाल्या. तेव्हा म्हणजे कधी आणि काय म्हटलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. "चल. काठी घेते."

पुढच्या गुरुवारी आक्का ठेवणीतला शेला गुंडाळून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काकांचं कोपर धरून त्या दारापुढे उभ्या राहिल्या. कपाटाने दोघांकडे बराच वेळ पाहिलं.

"जोडी?"

"मी याची मोठी बहीण आहे!" आक्का कडाडल्या.

"एक बाई, एक पुरुष. नातं आम्ही विचारत नाही, आजी," कपाट अदबीने म्हणालं, आणि त्याने दोघांच्या मनगटांवर धपाधप घुबडं उमटवली. काकांना क्षणभर कसंसंच झालं. आजवर त्यांनी हजारो वजनांवर शिक्का मारला होता, पण वजनाला तेव्हा काय वाटत असेल याचा विचार केला नव्हता.

जिना उतरताना आवाज आधी पायातून आला, मग छातीतून, आणि खाली पोचल्यावर तर दुसरं काही उरलंच नाही. तळघर लांबट होतं, छत हाताला लागेल एवढं खाली, भिंती काळ्या, आणि लाल-निळे दिवे माणसांच्या तोंडावरून फिरत होते. जमीन चिकट होती, वकिलांचे बूट तिला धरून बसत आणि काकांचे पाय तेवढे पुढे जात. संध्याकाळची वेळ असल्याने गर्दी बेताची होती. जी होती ती एकमेकांच्या कानात तोंड घालून ओरडत होती. आक्कांनी काहीतरी म्हटलं. काकांना त्यांचे ओठ हलताना दिसले फक्त, आणि बालपणापासून पहिल्यांदाच त्यांना आक्कांचा शब्द ऐकू आला नाही.

अंधारात एकदम शोध घ्यायचा नाही, आधी गिऱ्हाईक दिसायचं, हा नियम. म्हणून काका बारच्या फळीपाशी गेले आणि बोटाने एका बाटलीकडे खूण केली. बारवाल्याने धातूचं छोटं माप उचललं, भरलं आणि पेल्यात ओतलं.

इथे घात झाला. काकांना त्या मापाचं बूड दिसलं. बुडाला पोचा होता, चांगला आतपर्यंत. आणि शिक्का कुठेच नव्हता.

माणूस बायकोच्या चारित्र्याच्या तपासाला आलेला, पण हाडाचा निरीक्षक! काकांनी खिशातून काचेची मापनळी काढली. ती ते अजूनही बाळगत, घरी दूध मोजायला. पेल्यातली दारू नळीत ओतली, दिव्याखाली धरली. कमी!

"कमी आहे!" काका गरजले.

ऐकू कुणाला जाणार? किती कमी ते दाखवायला काकांनी दोन बोटांत अंतर धरलं; बारवाल्याला वाटलं आणखी हवंय, त्याने हसून मान डोलावली आणि आणखी एक माप ओतलं. काकांनी नळी मोकळी करायला पहिला माल आक्कांच्या हातात दिला आणि दुसरा मोजला. तोही कमी. "हाही कमी!" बारवाल्याने तिसरं ओतलं. आक्कांना वाटलं, खोकल्याचं काहीतरी आहे. चव तशीच होती म्हणे. त्या येईल तसं घेत गेल्या. चौथ्या तपासणीला काकांनी वळून पाहिलं तर आक्का उंच स्टुलावर बसल्या होत्या, काठी फळीवर आडवी ठेवलेली होती आणि त्या ढोलाच्या ठेक्यावर तिच्यावर बोटं वाजवत होत्या.

तेवढ्यात निळा दिवा फिरत फिरत पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे काकू दिसल्या.

सगळ्यात मोठ्या ध्वनिक्षेपकाला अगदी लागून एक बाक होता. त्यावर काकू बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेले, डोळे मिटलेले. पुढ्यात लिंबू-सोडा.

काका मापनळी हातात धरून तसेच उभे राहिले. तो आता येईल, कुठेतरी हात धुवायला गेला असेल. काकांनी वाट पाहिली. कुणी आलं नाही. त्यांनी बाकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, खांबामागे पाहिलं, बूट बांधायचं निमित्त करून टेबलाखालीही पाहिलं. पेला एक. सोड्यातली नळी एक. बाकावर खोलगट जागा एकाच माणसाच्या बसण्याची.

पुरावा निर्दोष सुटकेचा होता. पण काकांचं समाधान होईना. काहीच नसेल तर मग ही इथे येते कशाला? चोर सापडला असता तर निदान भांडता आलं असतं.

ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले. काकूंनी डोळे उघडले. दचकल्या नाहीत. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे, आणि त्या बराच वेळ बुटांकडेच बघत राहिल्या.

"इथे कशाला येतेस?" काका ओरडले.

काकूंनी ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

"कधीपासून येतेस?" मान. "मला का नाही सांगितलंस?" मान. काका कानापाशी गेले, हातांचा कर्णा केला, घसा खरवडला. प्रश्न तोंडातून निघायचा आणि तिथल्या तिथे चिरडून जायचा. चाळीसेक वर्षांत काकांचा एकही प्रश्न असा वाया गेला नव्हता. काकू मात्र त्यांच्याकडे बघत शांतपणे सोडा पीत होत्या.

इकडे बारवाल्याला उशिरा का होईना, ती काचेची नळी कसली ते उमगलं होतं. त्याने मालकाला खूण केली, मालकाने घाबरून गाण्यावाल्याला खूण केली, आणि काका जिवाच्या आकांताने ओरडत असतानाच सगळं संगीत खाडकन थांबलं.

"तो कोण आहे?"

शांत तळघरात काकांचा प्रश्न या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. सगळे माना वळवून बघायला लागले. एक जोडपं घाईघाईने दूर झालं.

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. "चपलांचा पट्टा शिवायला दिला होता वर, तेव्हा हे खालचं कळलं. म्हटलं, फुकट आहे तर बघू. इथे बसले, आणि लक्षात आलं की इथे मला कुणी काही विचारू शकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. सकाळी उठल्यापासून कुठे, कशाला, केवढ्याला. मी खरं तेच सांगते हो. एकदा तरी खोटं निघालंय का? तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलता. लग्न झाल्यापासून मी तुमच्या पारड्यात उभी आहे. गुरुवारचा तासभर खाली उतरते, एवढंच."

एवढ्या माणसांसमोर काका उघडे पडले होते, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्यांना रडूच येऊ लागलं होतं. याचं कारण त्यांना कळलं, आणि तेही त्यांना आवडलं नाही. बाईने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. निरीक्षक असूनही ही नोंद त्यांनी कधी घेतली नव्हती.

"वहिनी," स्टुलावरून आक्कांचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, हाच बिनडोक आहे!"

"वन्सं, तुम्ही काय घेतलंत?" काकू घाईने उठल्या.

मालक हात जोडून पुढे आला. "साहेब, खालच्या मजल्याची तपासणी सुरू झाली, हे आम्हाला कळवलं नाही कुणी. मापात काही खोट आहे का?"

सगळ्यांचं लक्ष काकांकडे. काही वर्षांपूर्वी हाच क्षण त्यांनी चांगला तासभर चालवला असता. आता त्यांनी मापनळी खिशात ठेवली.

"बुडाला पोचा आहे," ते म्हणाले. "बदलून टाका. आणि गाणं लावा परत. यांचा तास पुरा व्हायचाय."

गाणं लागलं. काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. काकूंनी पुन्हा पाय लांब केले.

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसून ठेका धरत होत्या आणि पुढच्या गुरुवारी किती वाजता निघायचं ते विचारत होत्या. काकांच्या ओठांवर घरापर्यंत असंख्य प्रश्न आले. ते त्यांनी एकेक करून गिळले. रात्री जेवण जाईना, ते कदाचित त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चप्पल सरकवली. आतून आवाज आला, "कु..." आणि मग लांबलचक खोकला. काकू दारात थांबल्या. सवयच होती थांबायची. आतून आणखी काही येत नाही असं पाहून त्या बाहेर पडल्या. जिन्यावरून दोन पायऱ्या परत आल्या आणि स्वतःहूनच म्हणाल्या, "साबण आणते. अंगाचा."

काका नुसतं "बरं" म्हणाले. आलेला साबण त्यांनी हातात घेतला, जोखावासा वाटला, आणि तसाच न्हाणीघरात नेऊन ठेवला. त्यांच्या मनगटावरचं घुबड आता पुसट झालं होतं. पुढचे दोन दिवस काका तो हात पाण्याबाहेर ठेवून आंघोळ करत होते, हे काकूंनी पाहिलं, पण त्यांनी काही विचारलं नाही.

पुढचा गुरुवार आला. काकू आवरून बसल्या. काका खुर्चीत, तोंड घट्ट मिटलेलं. निघायची वेळ झाली तरी काकू निघेनात.

"एकट्या पुरुषाला सोडत नाहीत ना तिथे," काकू शेवटी म्हणाल्या.

"नाही सोडत."

"मग चला. पण एकच अट."

अट काय ते सांगायची गरज नव्हती. काका उठले आणि पलंगाखालून वकिलांचे बूट ओढून कापूस चाचपू लागले. मग मान वर करून त्यांनी आठवडाभरातला पहिला प्रश्न विचारला, अगदी भीत भीत.

"हे परत करू की राहू देऊ?"

"परत करा," काकू म्हणाल्या. "वरच्या दुकानात तुमचे नवे घेऊ. तुमच्या मापाचे."

केवढ्याला मिळतील, हे काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते तिथेच ठेवलं आणि आक्कांना आणायला ते अनवाणीच जिना उतरले.